मागच्या विटा बघ

अप्पा, मी नापास नव्हते. तुम्ही खोटं सांगितलं, आणि पुढं जन्मभर तेच खोटं मी तुमच्या वतीनं सांगत राहिले. सासरी सांगितलं, शेजारी सांगितलं, लेकीच्या शाळेत पालकांची सभा असली की दाराआड उभी राहून सांगितलं, "आमी चौथी नापास, आमाला काय कळतंय." दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत मीच म्हणायचे, म्हणजे लागत न्हाई. आणि परवापासून मी दोन आरसे कापताना वाया घालवले. मी! ज्या बाईच्या हातून वर्षानुवर्षं काच फुटली न्हाई ती.

तुमच्या नातीनं केलं हे. तुम्ही होता तेव्हा ती रांगत होती, आता ती एमएस्सी झालीय, पुढं तारे-आकाशाचं शिकायचं म्हणते. परवा सकाळी नांदेडच्या माझ्या दुकानात बसून जाडजूड पुस्तक वाचत होती. मी म्हटलं, काय हाय एवढं त्यात, मला सांग, नुसती मान घालून बसू नको.

"आई, लई लांब आकाशगंगा असतात. त्यांचा उजेड आपल्याकडं येताना वाटेत काहीतरी जड असतं. ते कुठल्याच दुर्बिणीत दिसत न्हाई. पण उजेडाला जरासं वाकवतं, मग मागची आकाशगंगा किंचित ताणलेली दिसते."

"किंचित म्हंजे किती?"

"इतकी, की एकीकडं बघून कळतच न्हाई. ती मुळातच लांबुळकी असेल, काय सांगावं? म्हणून लाखो मोजायच्या. सगळ्या एकाच रोखानं जराजरा झुकलेल्या निघाल्या, की समजायचं मधी काहीतरी हाय. किती जड हाय तेबी काढता येतं."

मी हसले. म्हटलं, "यासाठी एवढं पुस्तक? हे तर मला आठव्या वर्षी येत होतं."

खरंच येत होतं. मुखेडचं आपलं दुकान, फोटोच्या चौकटींचा भुसा, सरसाचा वास. तुम्ही नवी काच दोन्ही हातांनी उभी धरलीय, मी पलीकडून बघतेय. समोर रस्त्यापल्याड गिलावा न केलेली विटांची भिंत आहे. मी काचेवर नाक लावते आणि तुम्ही खेकसता, "काचेकडं काय बघतीस येडे? काच दिसत नसती. मागच्या विटा बघ." मी सांगते, ती एक वीट वाकडी दिसतीय. "एका विटेवर जाऊ नको. ती गवंड्यानंच वाकडी बसवली असंल. धा-पंधरा विटा मिळून एकीकडं कलल्या, तर मग काचेत खोट." आता कारखान्याची काच सरळ येते, तरी मी प्रत्येक काच भिंतीसमोर धरल्याशिवाय कापत न्हाई.

आठव्या वर्षी हे कसं शिकले ते लेकीला सांगितलं. तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "आई, मग तू चौथीत नापास कशी झालीस?"

बास. एवढंच. गिऱ्हाईक समोर उभं होतं, मला त्याचं बोलणं ऐकू येईना.

अप्पा, निकालाच्या दिवशी तुम्ही दुकान बंद करून स्वतः शाळेत गेलात. भावाच्या निकालाला कधी गेला न्हाईत. असो, कामच नसेल त्या दिवशी. संध्याकाळी आईनं शिरा केला. नापास झालेल्या पोरीला कुणी शिरा करतं का? पण मी रडत होते, म्हणून केला असेल. भाऊ तर सगळ्या गल्लीला चिडवायचा, मला मात्र एक शब्द बोलला न्हाई. गुरुजी फोटो मढवायला आले, माझ्याकडं न बघता तुमच्याशी हळू आवाजात भांडले, आणि तो फोटो न्यायला पुन्हा आलेच न्हाईत. कितीक वर्षं तो भिंतीला तसाच टांगलेला होता. आणि त्याच आठवड्यात तुम्ही मला काच कापायची हिऱ्याची कलम दिलीत, जिला भावानं हात लावला तर थोबाडीत मारायचात. पुढं कुणी पाहुणा म्हणाला, पोरगी डोक्यानं जरा मंद दिसती, की तुम्ही पाणी प्यायला उठायचात. दर वेळी.

एकेक वीट घेतली तर काहीच न्हाई. सगळ्या मिळून एकाच अंगाला कलल्यात. मधी काहीतरी जड होतं, मला दिसलं न्हाई, कारण मी इतकी वर्षं काचेवर नाक लावून बसले होते.

ते काय होतं, त्याचा अंदाजही आता बांधलाय. तुमच्या डोळ्यांत पडदा तेव्हाच यायला लागला होता ना? पुढं चार वर्षांत तुम्हाला दिसायचंच बंद झालं. त्याआधीच तुम्ही दुकानासाठी नजर हेरून ठेवलीत. भावाची न्हाई, माझी. शाळेतून काढतो म्हणाला असतात तर मी भोकाड पसरलं असतं. नापास म्हटल्यावर मी स्वतःच गप दुकानात येऊन बसले.

मला आता विटा धूसर दिसतात, अप्पा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होईल, पण पूर्वीसारखं बारीक दिसेल याचा भरवसा न्हाई. सहा महिने झाले, काच मी धरते आणि पलीकडून लेक बघते. तिची नजर माझ्याहून तेज आहे.

काल तिच्या मॅडमचा फोन दुकानावर आला. तिचा मोबाईल लागत नव्हता. पुण्याला संशोधनाची एक जागा रिकामी झालीय, पाच वर्षांची, हिचा नंबर लागलाय, शुक्रवारपर्यंत हो म्हणून कळवायला सांगा. मी म्हटलं, हाव, सांगते.

रात्री लेकीनं विचारलं, "कुणाचा फोन आलता का गं?" मी न्हाई म्हटलं. आज सकाळी उठून मी शिरा केला. तिनं विचारलं, आज काय विशेष? मी पाणी प्यायला उठले.

हा कागद कुठं टाकायचा मला ठाऊक न्हाई. तुमच्या फोटोमागचा पुठ्ठा काढून आत सरकवीन. तिकडून मला एवढंच सांगा: तुम्ही ते खोटं बोललात, त्यानंतर एक दिवस तरी तुम्हाला नीट जेवण गेलं का? शुक्रवारच्या आत सांगा. त्यानंतर विचारून उपयोग न्हाई.