गन डायोड आणि माझा सत्कार

१ मार्च, सकाळी
आजपासून फक्त पीएच.डी. शेवटची मुदतवाढ महिनाअखेर संपते. लागतंय काय, तर एक रीडिंग. गन डायोडवर व्होल्टेज वाढवलं की आत विद्युतक्षेत्राचा गठ्ठा तयार होतो, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, तिथे विरतो, की मागून दुसरा निघतो. त्यामुळे करंट हेलकावे खातो. ते हेलकावे दाखवले की मी डॉक्टर. सिंपल.

४ मार्च
कॉलेजात लाइट नव्हती. निश्चय कायम.

१० मार्च
डायोड उलटा जोडला गेला. जळला. मुळात मालच कमजोर. तेजस्वीने जेवताना विचारलं, हे आपल्या लग्नाआधीपासून चाललंय ना? संशोधनाला वेळ लागतो म्हटलं. तिने आमटी वाढली.

१७ मार्च
नवा डायोड. हेलकावे दिसले!! ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर, अगदी स्वच्छ. फ्रीक्वेन्सी मोजायची राहिली, तपशील नंतर. गाईडना ईमेल. प्राचार्यांनी स्टाफच्या ग्रुपवर टाकलं, संध्याकाळपर्यंत शाल-श्रीफळ ठरलं. नको नको म्हटलं, पण फार ताणलं नाही. लांज्याहून सासऱ्यांचा फोन. पहिल्यांदाच 'डॉक्टर' म्हणाले.

२० मार्च
विभागप्रमुख कौसर मॅडम म्हणाल्या, गन डायोडचे हेलकावे सेकंदाला दहा अब्ज, आणि आपल्या ऑसिलोस्कोपला दोन कोटींपुढचं दिसत नाही. मग सर, तुम्हाला दिसलं काय? लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

२४ मार्च
गाईडचं उत्तर. दिसले ते पॉवर सप्लायचे हेलकावे, सेकंदाला शंभर. डायोड काढलात तरी दिसतील. आणखी मुदत नाही, रजिस्ट्रेशन संपलं समजा. प्राचार्यांना सांगायला गेलो. ते म्हणाले, पाहुणे ठरलेत, हॉल सजलाय, आता कुठे काय बोलू नका.

२८ मार्च
सत्कार झाला. सूत्रसंचालिका दर वाक्याला 'डॉक्टर' म्हणत होती. सासरे नवा सदरा घालून पहिल्या रांगेत. उत्तराच्या भाषणात खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. माईक हातात घेतला आणि रडू फुटलं, आवरेचना. सगळ्यांना वाटलं आनंदाने. केवढ्या टाळ्या! तेजस्वीने वाजवल्या नाहीत. परतताना रिक्षात म्हणाली, बाबांना खरं काय ते मी सांगते, तुम्ही नका सांगू. मी बरं म्हटलं.