स्वतः ट्यून केलेली मोटारसायकल जप्त करून मिळणेबाबत

प्रति,
मा. परिवहन अधिकारी साहेब,
प्रादेशिक परिवहन कार्यालय, कल्याण.

अर्जदार : किसन जनू भोईर, वय ६४, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक (आवक-जावक), राहणार बुवापाडा, अंबरनाथ.

विषय : घरी सुधारित केलेली मोटारसायकल रविवार दि. १६ पूर्वी जप्त होणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे निरोप समारंभातील भाषण, दि. २८ जून २०१९ (प्रत उपलब्ध नाही, ऐकणारे सर्व हयात आहेत).

महोदय,

१. मानवाने अग्नी काबूत आणला आणि तेथून संस्कृतीचा आरंभ झाला, असे थोर लोक सांगतात. अर्जदाराने तोच अग्नी साडेतीनशे सीसीच्या सिलिंडरात काबूत आणला असून तेव्हापासून अर्जदार गॅलरीतून खाली पार्किंगकडे पाहत नाही.

२. उपरोक्त भाषणात, गळ्यात हार असताना, मी जाहीर केले की निवृत्तीनंतर मोटारसायकलचे इंजिन स्वतःच्या हाताने वाढवून कन्याकुमारीला जाईन. तसे बोलण्याची कोणी सक्ती केली नव्हती. इंजिन म्हणजे शेवटी आवक आणि जावक, आणि ते मी एकतीस वर्षे केले आहे, असा माझा समज होता. कार्यालयात या दोहोंच्या मध्ये स्फोट होत नसे, हा फरक नंतर ध्यानात आला.

३. त्यानंतर सहा वर्षे काम समाधानकारकरीत्या अपूर्ण होते. कोणी "काका, कधी निघताय?" असे विचारल्यास "जरा ट्यूनिंग राहिलंय" असे उत्तर देण्यात येत असे. पैकी दोन वर्षे महामारीत गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फाइल टेबलावर उघडी असली की ती कोणी पुढे ढकलत नाही, हा माझा सेवेतील अनुभव. इंजिनही मी त्याच भरवशावर स्वयंपाकघरात उघडे ठेवले होते.

४. तथापि गेल्या महिन्यात ते पूर्ण झाले. उल्हासनगर कॅम्प ५ मधील लेथवाले प्रीतम यांनी सिलिंडर बोअर करून वरच्या मापाचा पिस्टन बसवला. कॅमशाफ्ट बदलला, कार्ब्युरेटर मोठा घातला. बेअरिंग आमच्या फ्रीजरमध्ये बोंबलांशेजारी रात्रभर ठेवून आणि इंजिनाचे कवच तव्यावर तापवून मी स्वतः बसवले. दि. २ ऑक्टोबर रोजी, चालू होणार नाही या खात्रीने, मी किक मारली. पहिल्याच किकला चालू झाले. प्रीतम म्हणाले, "काका, ये अभी इंजिन नहीं रहा, वाघ झालाय. बांधून काय ठेवता?"

५. चाचणीसाठी मी वाहन बदलापूर रस्त्याला नेले. तिसरा गिअर पडताच दुकानांच्या पाट्या वाचता येईनाशा झाल्या. महोदय, समोर आलेला कागद वाचल्याशिवाय मी आयुष्यात पुढे सरकवलेला नाही. डोळ्यांतून पाणी आले; ते वाऱ्याचे नव्हते. वाहन बंद करून तीन किलोमीटर ढकलत घरी आणले. विचारणाऱ्यांना पेट्रोल संपल्याचे सांगितले. त्यावरून आमच्या इमारतीचे सचिव श्री. राजरत्न यांनी आपुलकीने टाकी फुल्ल करून दिली.

६. त्यानंतर मी कायदेशीर मार्ग अवलंबिले. वाहन प्रदूषण चाचणीत नापास होईल या आशेने नेले. ते पास झाले आणि केंद्रचालकाने माझे अभिनंदन केले. इंजिन जोडून झाल्यावर एक वॉशर हातात उरला होता, तो घेऊन मी प्रीतम यांच्याकडे गेलो. अशा इंजिनावर प्रवास करणे धोक्याचे आहे, असे त्यांनी लिहून द्यावे, ही विनंती केली. ते म्हणाले, "अहो, किटमध्ये एक जास्तच देतात. तो घरी ठेवा, नळाला लागेल." ही माहिती मला धीर देण्यासाठी होती. प्रत्यक्षात तिने माझे शेवटचे कारण काढून घेतले.

७. दरम्यान नाक्यावर फ्लेक्स लागला आहे. त्यात माझे डोके कातडी जॅकेट घातलेल्या कोणा तरुणाच्या धडावर बसवले असून खाली बावीस शुभेच्छुकांचे फोटो आहेत. रविवारी सकाळी दहा वाजता शाल, श्रीफळ आणि प्रस्थान. मी हवामानाचा विषय काढून पाहिला. श्री. राजरत्न म्हणाले, "काका, सहा वर्षं ऐकतोय. आता हा तुमचा प्रश्न राहिला नाही, बिल्डिंगच्या इज्जतीचा आहे. आणि फ्लेक्सवर तारीख छापलीय." फ्लेक्सवर छापलेली तारीख बदलता येत नाही, हे मलाही मान्य आहे.

८. एवढ्यावर भागले असते तर मी आपणांस त्रास दिला नसता. पोट बिघडवून घेतले असते. परंतु गेल्या आठवड्यात मंगळवारी माझी पत्नी बनूबाई हेल्मेट घेऊन आली. जांभळे आहे. ते घालून तिने भाकऱ्या केल्या, सवय व्हावी म्हणून. मी विचारले, हे कशाला. तिचे शब्द जसेच्या तसे : "मी पन येतंय. सा वरसा या इंजिनचा तेल लादीवरशी मीच पुसलाय. ते तीन समिंदर मना पन बघाचे हायत."

९. लग्नाला अडतीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत तिने कुठे ने म्हणून सांगितल्याची माझ्या आवकेत नोंद नाही. तिला गुडघ्याचा त्रास आहे, तरी ती रोज संध्याकाळी उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर पंधरा मिनिटे बसून येते. मी भीती वाटत नाही का म्हणून विचारले. ती म्हणाली, "तुमी जोडलाय ना?" महोदय, हीच अडचण आहे. ते इंजिन मी जोडले आहे म्हणून ती निर्धास्त आहे, आणि ते मी जोडले आहे म्हणूनच मला झोप नाही. एकटा पडलो असतो तर फ्लेक्सवर फक्त मजकूर बदलावा लागला असता. मागे ती असताना घाटात माझा ब्रेक चुकला तर, याच्यापुढे मला वाक्य सुचत नाही. ड्राफ्टिंगमध्ये असे पूर्वी झालेले नाही.

१०. सबब विनंती की, नोंदणी पुस्तकात न कळवता इंजिनात बदल केल्याचा गुन्हा मी या अर्जाद्वारे कबूल करीत असल्याने वाहन शनिवारपर्यंत जप्त करावे. ते नियमात बसत नसल्यास माझा परवाना निलंबित करावा. तेही शक्य नसल्यास वाहन तपासणीच्या नावाखाली बोलावून घ्यावे आणि तपासणी माझ्या हयातीत पूर्ण करू नये. कर्मचाऱ्यांनी सोबत टेम्पो आणावा, चालू करून नेण्याचा प्रयत्न करू नये. बनूबाईंना मी रेल्वेने कन्याकुमारीला नेईन. तिकिटाचे अर्ज मला भरता येतात.

आपला कायद्याला मानणारा आणि गाडीला भिणारा,
(सही)
कि. ज. भोईर
अंबरनाथ, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) नोंदणी पुस्तकाची प्रत. २) प्रदूषण चाचणीचे प्रमाणपत्र (उत्तीर्ण, नाइलाजाने). ३) फ्लेक्सचा फोटो, अर्जदार डोक्यापुरता.

ता. क. : जप्तीच्या पावतीवर 'दोष' असा रकाना असतो, असे ऐकले आहे. पावती बनूबाई वाचणार आहेत, म्हणून त्या रकान्यात कृपया 'इंजिन' लिहू नये. इंजिन चांगले झाले आहे. 'चालक' असे लिहिल्यास अर्जदाराची हरकत नाही.