खाटेसमोरची निळी भिंत

मी, सुमंत विनायक मुळे, वय ७५, निवृत्त अव्वल कारकून, राहणार संगमनेर, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याचा विचार नाही.

माझी पत्नी सरोजिनी १९ ऑगस्ट २०२३ रोजी वारली. आम्हाला दोन अपत्ये: मुलगी सौ. रुचा आणि मुलगा राजस. दोघेही पुण्यास असतात.

१. राहते घर मी १९८९ साली स्वकमाईतून बांधले. ते रुचा व राजस यांना समान हिश्श्याने मिळावे. पूर्वेकडच्या कुंपणाची भिंत शेजारी श्री. भिमाजी काळे यांनी सहा इंच आमच्या बाजूला घेतली आहे. मी मोजणी मागवणार होतो. आता कोणी मागवू नये. या कागदावर दुसरे साक्षीदार तेच आहेत, त्यांनी हे वाचले तरी हरकत नाही.

२. बँकेतील ठेवी दोघांना समान. सरोजिनीचे शिलाई मशीन मालनबाईंना द्यावे. आजारपणात सरोजिनीचे सगळे त्यांनीच केले. मशीन तिने त्यांना तोंडी देऊन ठेवले होते. मी विसरल्याचे दाखवले.

३. रंगकाम करणारे श्री. कारभारी ढाकणे यांना मला काही द्यायचे होते. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही असे वकिलांनी सांगितले, आणि साक्षीदार म्हणून मला तेच हवे आहेत. म्हणून माझी लोखंडी शिडी मी त्यांना आजच दिली.

४. लोखंडी कपाटात, कागदपत्रांच्या पिशवीत, रंगांचे एक शेड कार्ड आहे. ते रुचाला द्यावे. त्याबद्दल लिहिणे भाग आहे.

घर बांधले तेव्हा आतून निळा रंग मी ठरवला. आमच्या कचेरीत तोच होता आणि त्यावर मळ दिसत नसे. सरोजिनी जामखेडची. तिच्या माहेरी भिंतींना पांढऱ्या मातीचा हात असे. ती माती पांढरी म्हणायची, पण वाळल्यावर सायीसारखी दिसे. ती म्हणायची, "अहो, या निळ्यात दवाखान्यात राहिल्यासारखं वाटतं." मी म्हणायचो, पुढच्या दिवाळीला बघू. अशा तेहतीस दिवाळ्या गेल्या.

मार्च २०२३ मध्ये डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितले. महिना, फार तर दीड महिना, असे मला बाजूला घेऊन म्हणाले. तिची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली. तिने कारभारींकडून शेड कार्ड मागवले आणि हवे ते रंग लक्षात राहावेत म्हणून त्यांवर आपल्या टिकल्या चिकटवल्या. साय, गव्हाळ, वाळू आणि बदामी. बदामी खाटेसमोरच्या भिंतीला. चार दिवस ती त्याच कामात होती. जेवलीही नीट.

ठरल्या दिवशी कारभारी डबे आणि ब्रश घेऊन आले. आमच्याकडे घरात माणूस गेले की तेराव्याच्या आत घर धुऊन भिंतींवर नवा हात फिरवायची रीत आहे. मी त्यांना व्हरांड्यातच थांबवले. सरोजिनी झोपली आहे असे मी धरून चाललो. मी म्हणालो, "आत्ता नको. दीड महिन्यात परत सगळं काढावंच लागेल. एकाच कामाला दोनदा हात कशाला?"

ते म्हणाले, "भाऊसाहेब, बाईंनी यवढे रंग काडलेत. हायेत तवर बघू द्या की डोळ्यानं."

मी म्हणालो, "तेराव्याला बोलावतो तुम्हाला."

ते डबे घेऊन परत गेले. तिला मी सांगितले, कारभारींना दुसरे काम लागले. ती बरं म्हणाली.

आठ दिवसांनी तिच्यासाठी काढा ओतताना माझ्या हातून पेला कलंडला आणि खाटेसमोरच्या भिंतीवर ओघळ गेला. मी फडके आणले. ती म्हणाली, "राहू द्या हो. नाहीतरी तेराव्याला काढायचाच आहे ना रंग?" तेव्हा मला कळले.

ती दीड महिन्यात गेली नाही. पाच महिने होती. त्या पाच महिन्यांत मी कोणत्याही दिवशी कारभारींना बोलावू शकत होतो. बोलावले असते तर ते का, हे दोघांनाही कळले असते. म्हणून बोलावले नाही. तिने रंगाचे नाव पुन्हा काढले नाही. कार्डावरच्या टिकल्या तिने सोलून परत आरशाला लावल्या. डिंकाची वर्तुळे तेवढी राहिली, त्यांवर धूळ बसली. ती गेल्यावर मी त्या वर्तुळांवरून रंग सांगितले.

वर्षश्राद्धाला रुचाने पाहुण्यांना घरभर फिरवून दाखवले. "आईने निवडलेले सगळे रंग बाबांनी लावले. मागे राहिलेली एकच भिंत, तिच्या खाटेसमोरची, तिची आठवण म्हणून तशीच ठेवलीय." मी ऐकून घेतले आणि सर्वांना सरबत दिले. ती अजूनही जावईबापूंना माझे उदाहरण देते. हे थांबावे.

ती भिंत आठवण म्हणून ठेवलेली नाही. कारभारींनी बदामीचा डबा उघडला आणि मला तिथे उभे राहवेना, एवढेच. काढ्याचा ओघळ अजून आहे.

५. माझ्या तेराव्याला घराला रंग देऊ नये. धुऊन घ्यावे, पुरे. निळी भिंत रंगवायची की तशीच ठेवायची, हे वरील मजकूर वाचल्यावर रुचाने ठरवावे. त्यात माझी इच्छा काय असेल याचा विचार करू नये.

६. राजसने बहिणीला या विषयावर समजावू नये. तो समजावतो.

सही करण्यापूर्वी कलम ४ मी कारभारींना वाचून दाखवले. ते म्हणाले, "ह्ये कशाला लिवता, भाऊसाहेब? त्या दिशी आपुन दोघंच तर हुतो."

मी म्हणालो, "तिघे होतो."

त्यांनी पेन मागितले.

ठिकाण: संगमनेर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) सुमंत विनायक मुळे

आमच्या समक्ष सही केली म्हणून साक्षीदार:
१. (सही) कारभारी सहादेव ढाकणे, मूळ गाव ता. पाथर्डी, हल्ली संगमनेर. त्या दिवशी व्हरांड्यात हजर.
२. (सही) भिमाजी काळे, शेजारी