लाभार्थी क्रमांक नऊ

१२ फेब्रुवारी

उशिराबद्दल माफी असावी. एक ऑक्टोबरला नोकरी लागली तेव्हा रोज एक पान लिहायचं ठरवलं होतं. आज पहिलं पान. मधले साडेचार महिने पेन सापडत नव्हतं. म्हणजे सापडत होतं, पण सूनबाई म्हणायची ते तिचं आहे. ही रोजनिशी मी फक्त माझ्यासाठी लिहितोय, तेव्हा माफी मीच मागायची आणि मीच द्यायची. दिली.

परिस्थिती थोडक्यात. वय सदुसष्ट. शिक्षण नववी पास, दहावी अर्धी. चाळीस वर्षं साबणाच्या कारखान्यात माल तपासला. खोकं नुसतं हलवून सांगायचो, आत एक वडी कमी आहे. अशी पारख असलेला माणूस सरकारला हवाच होता. सरकारी योजना कागदावर चालतात की खरोखर, हे तपासणारं आमचं ऑफिस. तिथे मी कार्यक्रम विश्लेषक, प्रवेश श्रेणी. फॉर्म हिनं, म्हणजे बायकोनं, भरला होता, मी फक्त सही केली. पण निवड माझी झाली, हिची नाही. ओळखपत्रावर मोठ्ठा ९ आहे. निवडीत नववा आलो असणार. हजारोंतून.

मुदत ३१ मार्चला संपते. वाढवून मिळाली तर आणखी दोन वर्षं. नाही मिळाली तर परत गॅलरीतली खुर्ची. त्या खुर्चीवरून उठून मी दिवसातून किती वेळा गॅसचं बटण तपासायचो, ते ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आकडा वाढवून सांगते.

संकल्प: उद्यापासून रोज लिहिणे. काळजी न करणे.

१३ फेब्रुवारी

काळजी वाटते. आजवर मला फाइलींच्या पानांना क्रमांक घालायचं काम दिलंय. ते मी चोख केलं. फक्त एका फाइलीत ७१ नंतर ८२ आलं. ऑफिसच्या मॅडमनी विचारलं, काका, मधली दहा पानं कुठे गेली? तीन माणसं दोन दिवस शोधत होती. शोधणं चांगलंच, माणसं चपळ राहतात.

माझी खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला. पूर्वी तिथे भांडार होतं, अजून सगळे भांडारच म्हणतात. मोडके पंखे, तीन पायांच्या खुर्च्या आणि माझं टेबल. दाराशेजारी भिंतीत खिळा आहे, त्यावर छत्री आणि पिशवी टांगतो. खिळ्याखाली पत्र्याचा तुकडा ठोकलाय, म्हणजे ओल्या छत्रीनं भिंत खराब होऊ नये. बांधणारा विचारी होता.

१७ फेब्रुवारी

शेवटी स्वतंत्र काम! योजना क्रमांक सतरा. निवृत्त माणसांना वेगवेगळ्या सरकारी ऑफिसांत बसवायचं, त्यांच्या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून. बारा लाभार्थी. ते खरंच आहेत का, कामावर येतात का, एवढं बघायचं. लिस्टमध्ये नावं नाहीत, गोपनीयता. फक्त क्रमांक, फोन आणि बसायची जागा. बाराही जणांची मुदत ३१ मार्चला संपते. योगायोग, माझीही.

मॅडमनी एक कागद पुढे केला. तुमचा या योजनेशी काही संबंध नाही ना, काका? मग तसं लिहून द्या. त्या घाईत होत्या, दुसऱ्या हातात फोन होता. मी लिहिलं, ‘माझा या योजनेशी काहीही संबंध नाही’, आणि खाली पल्लेदार सही ठोकली. आयुष्यात इतकी चांगली सही झाली नव्हती.

बसवलेली माणसं वेगळी, निवडून आलेली वेगळी. ते लाभार्थी, मी कर्मचारी. हा फरक रिपोर्टाच्या सुरुवातीलाच लिहावा म्हणतो.

२० फेब्रुवारी

अकरा जण सापडले! ऑफिसच्या फोनवरून एकेकाला लावलं. फोन कोणकोण वापरतं कोण जाणे, म्हणून तोंडाच्या बाजूला रुमाल दुहेरी करून बांधला. जंतू आत येत नाहीत, आणि आवाज भारदस्त होतो. लाभार्थी दोन वाचनालयात बसतात, फार गोड बाई. लाभार्थी सात यांनी गुडघ्यांबद्दल पाऊण तास सांगितलं. उपयुक्त माहिती, माझे गुडघेही तसेच आहेत. ती रिपोर्टात घालावी का?

लाभार्थी नऊ फोन उचलत नाहीत.

२३ फेब्रुवारी

नऊला पुन्हा दोनदा फोन. वाजतो, वाजतो, बंद होतो. कारखान्यात खोकं हलवल्यावर जसं वाटायचं, तसं वाटलं. वडी कमी आहे.

संध्याकाळी ही म्हणाली, तुमचा फोन आज दोनदा वाजला, अनोळखी नंबर होता. (फोन मी घरी फ्रीजवर ठेवतो. खिशात असला की छातीत धडधडतं.) विचारलं, उचललास का? नाही म्हणाली. शाब्बास म्हणालो. अनोळखी फोन उचलायचा नाही, फसवणारे टपलेलेच असतात, हे या घरात मी शिकवलंय. दिवसाढवळ्या दोनदा म्हणजे टोळीच असणार.

२५ फेब्रुवारी, दुपार

लाभार्थी नऊचा फोन उचलला गेला! बाई होती. लाइन खराब, माझा डावा कान आधीच अधू. मी रुमालातून विचारलं, लाभार्थी क्रमांक नऊ आहेत का? बाई म्हणाली, इथे नंबर लावून माणसं ठेवलेली नाहीत. मी म्हणालो, घरातले पुरुष कुठे आहेत? म्हणाली, कामावर. काय काम करतात? तर म्हणाली, सकाळी भरलेला डबा घेऊन जातात, संध्याकाळी रिकामा घेऊन येतात, मधलं मला ठाऊक नाही. आणि आधी सर्दीचं औषध घ्या म्हणून फोन आपटला.

अत्यंत उद्धट बाई. त्या नवऱ्याची कीव आली.

नोंद केली: ‘लाभार्थी काय काम करतो हे त्याच्या घरच्यांनाही सांगता येत नाही.’

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

ही म्हणाली, आज मी तो फोन उचलला एकदाचा. कोणीतरी सर्दी झालेला माणूस होता, घरातले पुरुष कुठे आहेत विचारत होता. मेला, चांगला झापला मी. माझ्या अंगावर काटा आला. घरात पुरुष नाही हे बघूनच चोर येतात. सूनबाईला सांगून तो नंबर ताबडतोब ब्लॉक करायला लावला. ती म्हणाली, बाबा, हा नंबर सरकारी वाटतोय. मी म्हणालो, चोर हल्ली सरकारीच वाटतात.

दार तीनदा तपासलं. गॅसही. हिनं मोजलं.

२६ फेब्रुवारी

लाभार्थी नऊचा फोन आता लागतच नाही. एकदा वाजून तुटतो. चौकशी सुरू झाल्याबरोबर फोन बंद! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मॅडमना सांगितलं, बोगस प्रकरण आहे. त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, काका, नियमाप्रमाणे जागेवर जाऊन बघा. जागेवर नसेल तरच ‘आढळून आला नाही’ असा शेरा मारता येतो.

बसायची जागा: कक्ष क्रमांक ४, तळमजला. इमारत आमचीच! म्हणजे हा इसम आमच्याच नाकाखाली बसून, किंवा न बसून, सरकारला बनवतोय.

२ मार्च

कक्ष ४ शोधला. तळमजल्यावर कक्ष १, २, ३ आहेत, मग जिना, मग कक्ष ५. चार नाही. जिन्याखाली वाकून पाहिलं, झाडू होते. शिपायाला विचारलं, कक्ष चार कुठेय रे? तर हसत म्हणाला, साहेबकाका, तुम्ही बसता तिथेच असेल, बघा नीट. टवाळ माणूस. म्हटलं, मी भांडारात बसतो. म्हणाला, तेच ते.

असली माणसं सरकारी कामाची थट्टा करतात. याचंही नाव लिहून ठेवावं, पण मला ते माहीत नाही.

३ मार्च

खात्रीसाठी पुन्हा शोधलं. सकाळी अकराला आणि दुपारी चारला, दोन वेगवेगळ्या दिशांनी. दमून खोलीत परत आलो, छत्री खिळ्यावर टांगली, बसलो. कक्ष चार अस्तित्वातच नाही. चाळीस वर्षांच्या पारखीची शपथ.

९ मार्च

रिपोर्ट दिला. चौदा पानं, क्रमांक सलग. (गुडघ्यांचा परिच्छेद मॅडमनी काढला.) शेवटची ओळ मी स्वतः रचली: ‘लाभार्थी क्रमांक नऊ हा इसम फोनवर नाही, जागेवर नाही, त्याला जागाच नाही. सबब असा इसम नाही. त्याचा लाभ त्वरित थांबवावा.’ हिला वाचून दाखवली. म्हणाली, बिचाऱ्याला एकदा समोर बोलावून तरी विचारायचं होतं. बायकांना प्रशासन कळत नाही.

१६ मार्च

मोठी मीटिंग. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की प्रवेश श्रेणीतल्या माणसानं बोगस लाभार्थी पकडायची ही पहिलीच वेळ. टाळ्या. दोनदा चहा. वरचे साहेब म्हणाले, अशी नजर हवी. मी म्हणालो, साबणामुळे. त्यांना कळलं नाही, पण ते हसले.

आता मुदतवाढ पक्की. घरी आल्यावर गॅलरीतल्या खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. हिला सांगितलं, ती खुर्ची कुणाला तरी देऊन टाक. ही म्हणाली, थांबा जरा, एप्रिल तरी येऊ दे.

संकल्प: यशानं हुरळून न जाणे. नवीन शर्ट शिवणे.

३१ मार्च

मुदतवाढीचं पत्र आलं नाही. अकरा लाभार्थ्यांची पत्रं मात्र आमच्याच ऑफिसातून गेली, पाकिटं मीच चिकटवली. कर्मचाऱ्यांची वेगळी निघत असतील. मोठ्या माणसांच्या पत्रांना वेळ लागतो.

१ एप्रिल

नवीन शर्ट घालून गेलो. शिपायानं दारात अडवलं. म्हणाला, साहेबकाका, आजपासून ओळखपत्र दाखवल्याशिवाय सोडायचं नाही. उन्हानं अक्षरं उडू नयेत म्हणून मी ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेलं. परत घरी, परत ऑफिस. त्यानं ओळखपत्र पाहिलं, हातातला कागद पाहिला, पुन्हा ओळखपत्र पाहिलं. मग म्हणाला, काका, नऊ नंबर बंद केलाय. नऊ नंबर तुम्ही.

मी म्हणालो, तो निवडीतला नंबर आहे. तो म्हणाला, निवड कसली काका, योजना सतरामधले तुम्ही नववे. माझी मावशी दोन नंबर आहे, वाचनालयात.

मग माझा हात धरून मला आत खोलीपर्यंत नेलं. खिळ्यावरची छत्री काढली. काल विसरलो होतो. खाली पत्रा. पत्र्यावर अक्षरं: कक्ष क्रमांक ४.

माझ्या बाजूनं एवढंच म्हणणं आहे की स्वतःचा फोन नंबर कोणी स्वतःला लावत नाही. मेहुण्याचा तीस वर्षांपूर्वीचा नंबर मला आजही पाठ आहे.

२ एप्रिल

मॅडमकडे गेलो. त्या चष्मा काढून इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतली माणसं आली. त्यांना सांगितल्यावर तीही हसली. मग मॅडमनी तो कागद पुढे ठेवला, ‘माझा या योजनेशी काहीही संबंध नाही’. मी म्हणालो, सही मात्र झकास आलीय. म्हणाल्या, चूक माझीही आहे, काका, घाईत मी फाइल बघितली नाही. तुम्ही आहात हे मला दिसतंय. पण रिपोर्टात तुम्ही नाही आहात.

नियम असा. शेरा काढायचा तर लाभार्थ्यानं अर्ज करायचा, आणि ज्या विश्लेषकानं शेरा मारला त्यानंच पडताळणी करायची. विश्लेषक म्हणजे मी. तो कामावर नाही, कारण नऊ नंबर बंद आहे. मॅडम म्हणाल्या, अर्ज तर लिहा, काका, मी वर विचारते.

घरी हिला सगळं सांगितलं. वाटलं चिडेल. ती पदराआड तोंड धरून हसायला लागली. म्हणाली, म्हणजे तो सर्दीवाला तुम्ही? आणि पुरुष कुठेत म्हणून मलाच विचारत होतात? मी विचारलं, तू उद्धट का बोललीस? म्हणाली, परका माणूस वाटला म्हणून. आपल्या माणसाशी मी याहून जास्त बोलते.

मग तिनंच सूनबाईकडून पेन आणून दिलं. गॅलरीतल्या खुर्चीवर बसून अर्जाचा मसुदा केला. (खुर्ची कुणाला दिली नव्हती. ही दूरदर्शी आहे.)

प्रति,
कार्यक्रम विश्लेषक, प्रवेश श्रेणी,
कक्ष क्रमांक ४ (भिंतीवर छत्री असल्यास बाजूला करून पाहावे)

महोदय,

मी आहे. आपला रिपोर्ट वाचला. मेहनत दिसते, पानांचे क्रमांकही सलग आहेत. परंतु मी रोज दहाच्या आत येत होतो आणि आपल्याच टेबलाशी बसत होतो, हे आपल्या नजरेतून सुटलेले दिसते. आपल्याविषयी माझी काही तक्रार नाही. आपणही वयस्कर आहात, समजू शकतो. पडताळणीसाठी फोन करावा. ब्लॉक काढला आहे, फोन फ्रीजवरून उतरवून मांडीवर घेतला आहे. मी दारे-गॅस तपासायला उठलो असेन तर ही उचलेल. तिच्याशी बोलताना रुमाल तेवढा काढावा, म्हणजे ओळख पटेल.

तरी मी आहे की नाही, ते कृपया लवकर कळवावे.