गच्चीवरचे गज

रेमिहियोदादा,

ला पाझला आलास, हॉटेलात उतरलास, रोपवेतून फोटो काढलेस आणि माद्रिदच्या मासिकात लिहिलंस, "डोंगर देखणे, पण घरं अर्धवट. उघड्या विटा, गच्चीवर गज. या लोकांना काही पुरं करताच येत नाही." या लोकांना? फोटोतलं डावीकडचं घर आपलंच आहे रे, शहाण्या!

आई फोटो बघून हरखली. "बघ, पोरगं आपली गच्ची विसरलं नाही!"

ते गज बाबांनी तुझ्या मजल्यासाठी सोडले होते. गंजू नयेत म्हणून आई अजून त्यांवर बाटल्या पालथ्या घालते. माझी पोरं एका खोलीत कोंबलीत, पण मिस्त्री आणला की आई म्हणते, "हात लावायचा नाही, तो मजला त्याचा!"

नको असेल तर तसं कळव एकदाचं. पण तू 'नको' असं कळवशीलच, आणि आईला ते सोसायचं नाही, म्हणून हे पत्र टाकत नाहीये.

बासिलिया