माऊस झिजत नाही

२ ऑक्टोबर
पोर्तालेग्रे गावात अखेर स्वतःचं घर. दोन खोल्या, खिडकीतून डोंगर आणि शेजारणीची वाळत घातलेली चादर. जमीन-मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी मला फुलं दिली आणि माझा माऊस कचऱ्यात टाकला. फुलं तिथंच ठेवली, माऊस घेऊन आले. जिल्ह्यातल्या निम्म्या बांधांच्या रेषा मी त्यानेच संगणकावर ओढल्यात. जुना, पोटात रबरी गोळा असलेला. डावं बटण माझ्या बोटाने खोलगट झालंय, पाठीवर तळव्याने पाडलेला चकचकीत डाग. लक्झेंबर्गहून भाची ओदेत फोनवर म्हणाली, मावशी, ते मढं फेकून दे आणि आमच्याकडे राहायला ये. दोन्हींना नाही म्हटलं.

१० ऑक्टोबर
शनिवार, सफाईचा दिवस. तळाची चकती फिरवायची, गोळा काढून साबणाच्या पाण्यात बुडवायचा, आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा. राखाडी वळ्या निघतात. मठाच्या शाळेत सिस्टर म्हणत, निगा राखली तर वस्तू माणसाला पुरून उरते. कोपऱ्यावरचा दुकानदार आबिलियो नवा माऊस गळ्यात मारायला टपलेलाच आहे. म्हणे, दोना ग्रासिएत, हा म्हातारा संग्रहालयात देऊन टाका, सोबत तुम्हीही जा. मी म्हटलं, तुमच्या नव्या मालापेक्षा माझ्याकडचं दूध जास्त टिकतं.

१८ ऑक्टोबर
चर्चमध्ये ‘शांती असो’ म्हणून एकमेकांचा हात धरायची वेळ आली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या दोना इदालीनाने माझा हात दोन्ही हातांत घेतला. पावाच्या कडेसारखे खरबरीत, गरम हात. आठवडाभरात मला माणसाचा स्पर्श झाला तो तेवढाच. त्याच्यासाठी मी ते प्रवचन सहन करते.

२४ ऑक्टोबर
मळ दुप्पट निघाला, गुलाबीसर. पण बटणाचा खड्डा भरून आलाय. पाठीवरचा डाग गेला, नव्यासारखी खरखर आली. याला निगा म्हणतात. साहेबांना फोटो पाठवावासा वाटला.

२९ ऑक्टोबर
ओळखपत्र नवं करायला गेले. यंत्राला माझ्या उजव्या बोटांचे ठसे मिळेनात. तिथली पोरगी हसत म्हणाली, आजी, खुशाल बँक लुटा, कुणाला पत्ता लागायचा नाही. घरी येऊन तळवा उजेडात धरला. रेषा नाहीत. एकही नाही. डाव्या तळव्यावर सगळ्या आहेत.

१ नोव्हेंबर
इदालीनाने हात धरला आणि मला कळलंच नाही. तिचा हात दिसत होता, लागत नव्हता. ती म्हणाली, अगं बाई, साबण लावून आलात की काय, हात सटकतोय. मग तिने स्वतःचा हात रुमालाला पुसला. माझ्यासमोर.

६ नोव्हेंबर
मी झिजतेय, माऊस नाही. इतकं साधं आहे. फडक्यात गुंडाळून रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकला. ओदेतला फोन लावला आणि ठेवला. काय सांगणार?

७ नोव्हेंबर
पाव, नळाचं पाणी, कॉफीचा कप— उजव्या हाताला काहीच लागत नाही. सकाळी भाजलं ते वासावरून समजलं. जाऊन त्याला परत आणलं. हात ठेवला. ऊब. माणसाच्या तळव्याची ऊब. त्याच्या पाठीवर बारीक रेषा उमटल्यात. मी त्या ओळखते—

८ नोव्हेंबर
चर्चला गेले नाही. इदालीनाने दार वाजवलं. म्हणाली, बरं नाही का, सूप आणलंय, उघडा तरी. उघडायचं होतं. पण त्याच्यावरून हात उचलायचा म्हणजे— ती वाडगा दाराशी ठेवून गेली. तिचे जिने चढतानाचे पाय ऐकले.

११ नोव्हेंबर
संत मार्तीनचा सण. खाली अंगणात चेस्टनट भाजताहेत. इदालीना खालून ओरडतेय, या हो दोना ग्रासिएत, सगळे गार होतील. उजवा त्याच्यावरच आहे. डाव्याने लिहितेय, अक्षर वाकडं. डाव्याला अजून सगळं लागतं. याच हाताने उजवा सोडवणार, खाली जाणार, तिचा हात धरणार.
सोडवायला गेले तर डाव्याचं एक बोट त्याला लागलं— किती ऊबदार—
पुन्हा हाक मारतेय. आलेच. फक्त आणखी एकदा लावून बघते, मग लगेच—