खडकावर कोण अडकलं होतं

प्रिय काकूस,

नमस्कार. आधी घडलेलं क्रमाने लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गोंधळ होणार नाही.

१. बुधवारी सकाळी अकरा वाजता बंदर कार्यालयात माझी मुलाखत होती. ती झाली. नोकरी मिळाली.
२. त्याच वेळी काका एकटे दीपगृह बघायला गेले. ते किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, खडकावर आहे. जायला दगडी वाट आहे. भरतीला ती पाण्याखाली जाते.
३. वाट किती वाजता बुडते, ते मी काकांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं.
४. काका खडकावर अडकले. संध्याकाळी पाच चाळीसला वाट उघडली, तेव्हा परत आले.
५. सात वाजता त्यांनी बाबांना फोन केला आणि सांगितलं की खडकावर मी अडकले होते व त्यांनी मला सोडवून आणलं.
६. बाबा म्हणाले, नोकरी नको.

तुझा गुडघा कसा आहे? पट्टा बांधतेस का, की तो अजून कपाटाच्या दाराला लटकलेला आहे? माझी तब्येत ठीक आहे. काकांचीही ठीक आहे, फक्त त्यांचा उजवा बूट आता समुद्राकडे आहे.

तुला माहीतच आहे, काकांना माझ्याबरोबर पाठवलं ते बाबांनी. शहर मुलीने एकटीने राहण्याजोगं आहे की नाही, हे काकांनी बघून सांगायचं आणि ते सांगतील तो शेवटचा शब्द, असं ठरलं होतं. (मी सव्वीस वर्षांची आहे आणि बाबांना न विचारताही जाऊ शकते. पण त्यांचा रुसवा बरोबर घेऊन नव्या गावात बिऱ्हाड थाटायची माझी इच्छा नाही.) म्हणून काकांना इथे कशाचाही त्रास होऊ नये, एवढंच मी तीन दिवस बघत होते. ते काम मुलाखतीपेक्षा अवघड निघालं.

काका या शहरात बावीस वर्षांपूर्वी दोन दिवस येऊन गेले आहेत, त्यामुळे त्यांना इथली गल्ली न् गल्ली ठाऊक आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला सात नंबरच्या बसमध्ये बसवलं, कारण सात नंबर बंदराला जाते. ती पूर्वी जात असावी. आता ती टेकडीवरच्या स्मशानापर्यंत जाते. तिथे उतरल्यावर काकांनी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले की बंदर हलवलेलं दिसतंय. मग त्यांनी एका गवंड्याला रस्ता विचारला. काकांची पद्धत तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते रस्ता विचारतात, समोरचा सांगू लागला की मान हलवतात आणि मग त्याची चूक दुरुस्त करतात. गवंड्याने थापी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "काका, मी जन्मापासून इथंच राहतो. तुम्ही कधी आलात?" काका म्हणाले, "सकाळी." त्यानंतर आम्ही दोनशे चौदा पायऱ्या उतरलो. (मोजल्या. काका प्रत्येक वळणावर थांबून समुद्र बघत होते, म्हणजे धापा टाकत होते.)

बुधवारी मी मुलाखतीला गेले आणि काका दीपगृहाकडे. एक वाजता मी बाहेर पडले. ठरलेल्या बाकावर काका नव्हते. लॉजवर नव्हते. मी मासळीबाजार, बसस्थानक, सरकारी दवाखाना आणि दोन्ही धक्के पालथे घातले. वाटेत ज्याला ज्याला त्यांचं वर्णन सांगितलं, त्यांतल्या चौघांना ते आदल्या दिवशीचेच आठवत होते, कारण चौघांनाही त्यांनी रस्ता समजावून सांगितला होता. शेवटी बोटींना रंग देणाऱ्या एका बाईंनी मला दुर्बीण दिली. खडकावर काका शर्ट हलवत उभे होते. मीही ओढणी हलवली, पुष्कळ वेळ हलवली. नंतर कळलं की ते मदतीची खूण करत नव्हते, शर्ट वाळवत होते. परत येताना पाणी घोट्याएवढंच आहे असं समजून ते चार पावलं पुढे गेले होते. पाणी घोट्याएवढं नव्हतं. बूट तिथेच गेला.

दीपगृहाच्या रखवालदाराने त्यांना जेवू घातलं आणि सहा डाव पत्ते खेळवले. (काका सहाही हरले. हे त्यांनी सांगितलेलं नाही, त्यांना पोचवायला वाटेवर आलेल्या रखवालदाराने सांगितलं.) वाट उघडली तशी मी समोरून गेले. काकांच्या एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात रखवालदाराची चप्पल होती. शेवाळ्याच्या टप्प्यावर मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी किनाऱ्यापर्यंत सोडला नाही. तळहात गार पडला होता.

संध्याकाळी लॉजच्या पातळ भिंतीपलीकडून फोन ऐकू आला. "दादा, पोर हुशार आहे, पण वाटेचं भान नाही हो. हात धरून आणली मी तिला पाण्यातून." हात धरून आणलं हे खरं आहे. फक्त कोणी कोणाला, तेवढं उलटं झालं. मग बाबांनी मला फोनवर बोलावलं आणि म्हणाले, "बाळ, काकाला त्रास दिलास ना? घरी ये."

मी भिंतीवर थाप मारून तिथल्या तिथे खरं सांगू शकले असते. नाही सांगितलं. थोरल्या भावासमोर काका कसे होतात ते तू बघितलं आहेस. मला ते बघायचं नव्हतं.

काका शुक्रवारच्या गाडीने निघतील. मी सोमवारपर्यंत इथे आहे, त्या दिवशी कार्यालयाला होकार किंवा नकार लेखी द्यायचा आहे. हे पत्र काकांच्याच हाती पाठवते आहे. (इथून फोन केला तर पातळ भिंतीपलीकडे काकांना सगळं ऐकू जाईल, म्हणून पत्र. पाकिटात तुझ्या गुडघ्याच्या नव्या पट्ट्याचं माप आहे असं मी त्यांना सांगितलं आहे. बत्तीस सेंटिमीटरचा घे, म्हणजे मी खोटं बोलले असं होणार नाही.)

तुझी,
पुतणी

ता. क. मुद्दा क्रमांक तीन बरोबर आहे, पण अपुरा आहे. वाट बारा चाळीसला बुडते, असं मी काकांना सांगितलं होतं. ती अकरा पन्नासला बुडाली. लॉजच्या भिंतीवरच्या भरतीच्या तक्त्यात मी बुधवारऐवजी गुरुवारची ओळ वाचली होती, आणि भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. काका खडकावरून बारा वाजता निघाले, म्हणजे माझ्या हिशेबाने चाळीस मिनिटं हाताशी ठेवून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याने सांगितलेलं जसंच्या तसं ऐकलं, आणि बुडाले. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. कार्यालयालाही नाही. तो तक्ता भरती मोजणाऱ्या ज्या यंत्रावरून बनतो, त्याची देखभाल हेच माझं नवं काम आहे.

ता. क. दुसरा. तेव्हा काकांकडून कबुली घेऊ नकोस. मला सोडवून आणल्याचं श्रेय त्यांच्याकडेच राहू दे. त्यांनी बाबांना फक्त एक वाक्य आणखी सांगावं, की त्याच दिवशी पोरीने एकटीने सगळं शहर पायी पालथं घातलं आणि तिला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. हे शब्दशः खरं आहे. त्यांच्याकडून हे वदवून घेणं तुलाच जमेल. जमलं की नाही ते रविवारी संध्याकाळपर्यंत लॉजच्या फोनवर कळव.